माहितीपत्रक, मसुदा सातवा

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं 'सामाजिक रोबॉट'.
तुओमो म्हणाला, सामाजिक म्हटलं की माझ्या आईला
पालिकेची कचेरी आठवते,
रांगेत उभं राहून मागितलेले पैसे.
खोडलं.
दुसऱ्यात 'सोबती'. तेही खोडलं,
कारण ते वचन झालं असतं
आणि वचन द्यायला नीतिसमितीची परवानगी लागते.
तिसऱ्यात नुसतं 'उपकरण'.
चौथ्यात फोटो आला: उंची किटलीएवढी,
डोळ्यांच्या जागी दोन निळे दिवे,
खाली माझी ओळ, 'मान हलते, मत नसतं'.
समितीने तिच्याभोवती लाल वर्तुळ काढून पाठवलं.

पाचव्यात सर्वनामावर अडले.
आमच्या फिनिशमध्ये तो आणि ती एकच.
माणसाला एक शब्द, वस्तूला दुसरा,
हे शाळेत. स्वयंपाकघरात बसलं की
शेजाऱ्याला वस्तूचा लावतो, कुत्र्याला माणसाचा.
मग ह्याला कुठला?
अर्धा दिवस गेला. शेवटी एकेक वाक्य असं वळवलं
की सर्वनाम लागूच नये,
एप्रिलमध्ये डबकी चुकवत
बसथांब्यापर्यंत चालावं तसं.

सहावा घेऊन वार्काउसला गेले, चाचणीसाठी.
इम्पी केत्तुनेन, वय शहाऐंशी,
एकतीस वर्षं कागद गिरणीत, तपासणी खात्यात.
तिने आधी वाचलंच नाही.
कोपरा चिमटीत धरला, चोळला,
कानाजवळ नेऊन पान हलवलं.
"एकशेवीस ग्रॅम. वरून चकाकी.
दिव्याखाली अक्षर दिसत नाही, पेन घसरतं.
सही घसरली तर होकार कुणाचा?"
मी वहीत लिहिलं: कागद बदलणे.

मग वाचायला लागली. बोट ठेवून, ओळीखाली ओळ.
'स्वास्थ्य' म्हणजे काय?
बरं वाटणं, मी म्हटलं.
"मग तसं लिही की."
'आज किती एकटं वाटलं?' ह्याच्यापुढे पाच वर्तुळं,
तिने दोन आणि तीनच्या मधल्या कोऱ्या जागेत फुली मारली.
"सकाळी विचार, रात्री विचार.
दुपारी नको. दुपारी मी झोपते."
पिशवीची चेन उघडायला गेले तर म्हणाली,
बाहेर गार आहे, असू दे आतच.
सबंध वेळ कापडातून निळं काहीतरी उघडमीट करत राहिलं.

'कोणत्याही क्षणी, कारण न देता, तुम्ही बाहेर पडू शकता.'
ही ओळ तिने दोनदा वाचली. हसली.
"आर्वो असाच पडला बाहेर. एकाहत्तर साली, स्वीडनला.
त्याला कुणी छापून दिलं होतं कोण जाणे."
ह्या नोंदीसाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

शेवटच्या पानावर होतं:
'सहा आठवड्यांनंतर उपकरण परत नेण्यात येईल.'
पाच मसुदे ह्या वाक्याला कुणी हात लावला नव्हता.
मीसुद्धा नाही. सगळ्यांत आधी लिहिलेलं,
सगळ्यांत कमी वाचलेलं.
"कोण नेणार?"
मी सांगू लागले, संशोधन गटातर्फे...
"नेण्यात येईल, म्हणजे कुणीच नाही.
कुणीच नाही असा माणूस दारात आला
तर मी दार उघडत नाही, बाई."

परतीच्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं:
'बावीस नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता हेल्का येईल.
तीच घेऊन जाईल.
कॉफीपुरती थांबेल.'

तुओमो म्हणतो, कॉफी कार्यपद्धतीत बसत नाही,
निष्कर्षांवर परिणाम होईल.
होईल, मी म्हटलं.
सातवा मसुदा समितीकडे गेलाय, कॉफीसकट.
उत्तर अजून नाही.
ऐंशी ग्रॅमचा कागद मात्र मागवून ठेवलाय,
थोडा खरखरीत.
काल कुणी बघत नाहीसं पाहून
मीही एक पान कानाजवळ नेलं.